'काही होत नाही' म्हणू नका

दसरा सरला की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. मायबापांबरोबर लेकरेही फडावर जातात. सहा आठवड्यांची लस गावच्या अंगणवाडीत झाली, तर चौदा आठवड्यांची कुठल्याशा कारखान्याच्या हद्दीत. माता-बाल संरक्षण कार्ड जपलेले असेल तर तारखा कळतात. लेकरू मागच्या खेपेला कशाने बिथरले, हे त्यावर नसते. ते लिहायला पेनाची एक ओळ पुरेल.

शहरातल्या बालरोगतज्ज्ञाला ओळखीचा आधार असतो. तीच खोली, तेच डॉक्टर, तोच आवाज. आपल्याकडच्या नर्सताईला आणि वैद्यकीय अधिकाऱ्याला तो नाही. लेकराची तयारी करायची ती समोर आल्यावरच्या दोन-तीन मिनिटांत. ती मिनिटे आपण बहुधा थाप मारण्यात घालवतो. 'काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल.' पाच वर्षांचे पोर डीपीटीच्या बूस्टरला बसते, त्याला दंडातली कळ कळते आणि थापही कळते. पुढच्या वेळी ते दारातूनच पळते. त्यात घरून धमकी झालेली असतेच: 'गप बस, नाहीतर बाईला सुई द्यायला लावीन.' यात मायबापांना दोष देण्याआधी आपण ओपीडीत किती वेळा त्यांची री ओढतो, ते आठवावे.

खरे सांगावे, थोडक्यात सांगावे. 'टोचेल, थोडं दुखेल, मग थांबेल.' 'कोणत्या दंडात देऊ?' असे विचारावे, 'देऊ का?' असे कधीही नाही. नकार पाळता येणार नसेल तर परवानगी मागण्याचे नाटक कशाला?

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये लसीकरणातील वेदनेबाबत केलेल्या शिफारशींना फारसा खर्च नाही. तान्ह्याला आईने जवळ घ्यावे, जमेल तिथे अंगावर पाजत असतानाच सुई द्यावी. तीन वर्षांपुढच्या मुलाला आडवे न पाडता बसवावे. सुई टोचल्यावर पिस्टन मागे ओढून रक्त येते का पाहू नये. अनेक लसी असतील तर जास्त दुखणारी शेवटी. चौघांनी हातपाय दाबून धरण्याची आपली जुनी रीत यात कुठेच बसत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, तेव्हा सुई नसतेच. तरी रडारड होते. पोरांना तपासणी आणि सुई एकच वाटते. दंडाचा घेर मोजायची पट्टी आधी अंगणवाडीताईच्या दंडाला लावा, मग पोराच्या हातात द्या. ते ती ओढून पाहील, मित्राच्या डोक्याला गुंडाळील. गुंडाळू द्या. टॉर्च आधी त्याच्या तळहातावर पाडा, नंतर घशात. 'आ' करायला सांगण्याआधी आपण 'आ' करावे. पोरे हसतात आणि नक्कल करतात.

वेळ नसतो, ही तक्रार खरी आहे. एमआरची कुपी उघडली की चार तासांत वापरायची, बाहेर रांग. पण बिथरलेल्या पोरामागे व्हरांडाभर धावण्यातही वेळच जातो, आणि त्याचा आरडाओरडा ऐकून रांगेतली बाकीची पोरे गळे काढतात. म्हणून पुढच्या सत्राला निदान एक गोष्ट करून पाहा: सुईचे टेबल दारापासून दूर, पाठ रांगेकडे करून मांडा आणि लस झालेली पोरे दुसऱ्या बाजूने बाहेर काढा. दुसरे दार नसेल तर आशाताईंनी रांग व्हरांड्याच्या टोकाला, झाडाखाली न्यावी.