जमिनीखालचा शेजारधर्म

शहर मधोमध चिरले गेले, तर त्याच्या सांडपाण्याने कोणत्या बाजूला वाहावे? प्रश्न थट्टेचा वाटेल. पण सायप्रसची राजधानी निकोसिया हिच्यापुढे तो खरोखरच उभा राहिला. १९६३ च्या डिसेंबरातील दंगलींनंतर तेथे ग्रीक व तुर्की वस्त्यांमध्ये ‘हिरवी रेषा’ आखली गेली. १९७४ मध्ये ग्रीसच्या लष्करशहांनी बंड घडवून आणले, पाठोपाठ तुर्कस्तानचे सैन्य उतरले, आणि दुभंगाची ही रेषा बेटभर सुमारे १८० किलोमीटर पसरली. मध्ये पहारा संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेचा. आपले जनरल थिमय्या याच सेनेचे नेतृत्व करीत असता १९६५ मध्ये तेथे निधन पावले.

तारांच्या कुंपणाने माणसे अडतात, उताराचे पाणी अडत नाही. मलनिस्सारणाची योजना फाळणीपूर्वीची. शुद्धीकरण केंद्राची जागा उत्तरेस, तुर्की ताब्यात. सांडपाणी मात्र दोन्हीकडचे. खरी अडचण नळांची नव्हती, मान्यतेची होती. सही केली तर समोरच्याची सत्ता मान्य केल्यासारखे होईल, ही धास्ती होती. तरीही दक्षिणेचे नगरप्रमुख लेलोस दिमित्रियादिस आणि उत्तरेचे मुस्तफा अकिंजी यांनी १९७८ मध्ये त्यातून वाट काढली. पुढच्याच वर्षी शहराचा संयुक्त आराखडा करण्याचे ठरले. तो दोन शक्यता धरून रचला गेला: शहर दुभंगलेले राहिले तर, आणि पुन्हा एक झाले तर. त्याच आराखड्यातून रेषेच्या दोन्ही अंगांना जुन्या वस्त्यांची डागडुजी झाली. २००८ मध्ये लेद्रा रस्ता पादचाऱ्यांसाठी पुन्हा खुला झाला.

गटारे जोडल्याने मने जुळतात असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. २००४ मध्ये एकीकरणाच्या योजनेला तुर्की सायप्रियटांनी होकार दिला, ग्रीक सायप्रियटांनी नकार. पुढे हेच अकिंजी तुर्की सायप्रियटांचे नेते झाले. पण २०१७ मध्ये त्यांच्याही वाटाघाटी फसल्या. जे दोन नगरप्रमुखांना साधले, ते राष्ट्रांच्या मुत्सद्द्यांना साधले नाही.

म्हणून नगरप्रमुखांचे काम वाया गेले असे मात्र नव्हे. त्यांनी तहाची वाट पाहिली असती, तर दोन पिढ्या दुर्गंधीत आणि रोगराईत वाढल्या असत्या. तह केव्हा तरी होतो किंवा होत नाही. शेजार मात्र रोजचा असतो. सीमा राखणे हे राज्यकर्त्यांचे कर्तव्य असेल. पण त्या सीमेलगत रोज जगणाऱ्यांचे पाणी, आरोग्य आणि रस्ते तिच्यापायी ओलीस ठेवण्याचा अधिकार त्यांना कोणी दिलेला नाही.