तिसरी तार

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. फजरच्या आधी अम्मी वुजू करायला न्हाणीघरात गेली आणि हात झटकत बाहेर आली. "नल में झिनझिनी आती," म्हणाली. थंडीनं बोटं बधिर झाली असतील, असं म्हणून मी पुन्हा पांघरूण ओढलं. दुसऱ्या दिवशी तीच तक्रार. मग मी उठून गिझरचं बटण बंद केलं आणि तिला नळाला पुन्हा हात लावायला न सांगता स्वतः बोटाच्या मागच्या बाजूनं स्पर्श करून पाहिला. काहीच नाही. बटण चालू केलं, पुन्हा स्पर्श केला. हात आपोआप मागे आला. असा प्रयोग कुणी करू नये. मी केला हा मूर्खपणाच. पण झोप मात्र कायमची उडाली.

बोर्ड उघडल्यावर कारण समोर आलं. गिझरच्या प्लगला तीन पाय होते, सॉकेटला तीन भोकं होती, पण तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती. बसवणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, पुराने घरों में सब ऐसाच है. पानी गरम हो रहा ना?"

मला राग आला. पण रात्री विचार केला, तेव्हा वाटलं, त्याचं काय चुकलं? गिझर बसला त्या दिवशी मीही त्याला एवढंच विचारलं होतं: पाणी किती वेळात तापेल?

मी भाषेचा शिक्षक. विज्ञानाचे सर रजेवर असताना एकदा दहावीच्या वर्गावर गेलो आणि सहज विचारलं, "प्लगला तिसरा पाय कशाला असतो?" भूसंपर्क तारेची व्याख्या चारपाच मुलांनी धडाधड म्हणून दाखवली. मग विचारलं, "तुमच्या घरच्या गिझरला ती तार आहे का?" वर्ग गप्प. दोन मार्कांची तार वहीत आहे, न्हाणीघरात आहे की नाही हे कुणालाच ठाऊक नाही. मास्तरांनाही नव्हतं.

ती तार करते काय? गिझरच्या आत धातूच्या नळीत तापणारी तार असते आणि दोघींच्या मध्ये वीज अडवणारी पूड भरलेली असते. बोअरचं जड पाणी असेल तर नळीवर क्षाराचा थर बसतो, ती जास्त तापते आणि एक दिवस तडकते. मग वीज पाण्यात आणि टाकीच्या पत्र्यात उतरते. तिसरी तार असेल तर ती तिथून जमिनीत जाते. नसेल तर जमिनीकडे जाणाऱ्या वाटेची वाट बघत बसते. ओल्या पायांनी उभा असलेला माणूस म्हणजे ती वाट.

"आमच्याकडे एमसीबी आहे," असं बरेच जण सांगतात. एमसीबी तारा वाचवते, माणूस नाही. १६ अँपिअरची एमसीबी त्याहून जास्त प्रवाह झाल्यावर पडते. माणसाचा जीव जायला एका अँपिअरचा दहावा भागही पुरतो. माणसासाठी आरसीसीबी लागते. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ती क्षणात पुरवठा तोडते. पण अर्थिंग नसेल तर तिला गळती कळते ती माणसाचा हात लागल्यावरच. म्हणून दोन्ही हवीत.

गिझर बसवताना आणखी काही गोष्टी मागून घ्या. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर खेचतो, म्हणून ६ अँपिअरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर तो चालवू नका. मुख्य बोर्डापासून त्याची स्वतंत्र तांब्याची तार हवी, निदान अडीच चौरस मिलिमीटरची. बटण न्हाणीघराबाहेर असावं. आणि एक युक्ती अजिबात चालवून घेऊ नका: अर्थिंग नाही म्हणून काही जण तिसरा पाय न्यूट्रललाच जोडून देतात. वाटेत कुठे न्यूट्रल तुटला तर गिझर बिघडलेला नसतानाही त्याचा सगळा पत्रा जिवंत होतो.

"इतकी वर्षं काही झालं नाही," हे उत्तर मी खूप ऐकलंय. पूर्वी पाण्याचे पाइप लोखंडी होते, जमिनीत पुरलेले. वीज बऱ्याचदा तिकडून निघून जायची. आता घरोघरी प्लॅस्टिकचे पाइप आहेत. ती नकळत मिळणारी राखणही गेली.

खर्चाचं म्हणाल, तर न्हाणीघराच्या टाइल्स निवडायला आपण चार दुकानं फिरतो. भिंतीच्या आतली तार कुणी बघत नाही, म्हणून तिथे काटकसर. भाड्याच्या घरात मालक आणि भाडेकरू एकमेकांकडे बोट दाखवतात. मशिदीच्या वुजूखान्यात तर शेकडो ओले हात रोज नळाला लागतात. तिथे कमिटीनं गिझर किती लिटरचा हे विचारलं असेल, अर्थिंग तपासलं का हे विचारलंय का?

कारागिराला दोष देणं सोपं आहे. आयटीआय करून परवाना घेतलेला वायरमन मिळतो, पण त्यालाही गिऱ्हाईक जे मागेल तेवढंच तो देतो. आपण गरम पाणी मागितलं, त्यानं गरम पाणी दिलं.

आमच्याकडे आता अर्थिंगचा खड्डा आहे, स्वतंत्र तार आहे, आरसीसीबी आहे. दर महिन्याला तिचं टेस्टचं बटण अम्मीच दाबते. खटका पडला की म्हणते, "जाग रही है." तुम्हीही आज आपल्या घरातलं तिसरं भोक कुणा जाणत्याकडून तपासून घ्या. आत तार आहे का, एवढंच विचारायचंय.