लाकडाचं प्रदर्शन, पण कुणाचं?

मागच्या शनिवारी लाकूडकामाच्या एका प्रदर्शनाला जाऊन आलो. सीएनसी मशिनं, लेसर, इंपोर्टेड बिजागऱ्या... आणि कोपऱ्यात लेथवर वाटी कातून दाखवणारा एक हौशी माणूस. भोवती आम्ही आयटीवाले, मोबाईल धरून!

रविवारी उत्तनला गेलो. भाईंदर स्टेशनवरून बस मिळते. किनाऱ्यावर लाकडी बोटीचं काम चाललं होतं. बोटीच्या बरगड्यांना बाभळीचं मुळातच वाकडं लाकूड निवडतात, म्हणजे तंतू न कापता वळण मिळतं. फळ्यांच्या फटींत कापूस ठोकतात. हातात ड्रॉइंग वगैरे काही नाही. बघायला मी एकटाच.

काय राव, हौशाचा तो 'क्राफ्ट' आणि मिस्त्रींची ती नुसती मजुरी?

कुणी म्हणेल, फायबरच्या बोटीला देखभाल कमी लागते. मान्य! कोळ्यांनी खुशाल फायबर घ्यावं. आपल्या हळहळीसाठी त्यांनी तोटा का सोसावा? पण मग लाकूड वाचणारी ती नजर जपायची जबाबदारी प्रदर्शनं भरवणाऱ्यांची आणि तिकीट काढणाऱ्या आपली आहे. पुढच्या वेळी मिस्त्रींना बोलवा. स्टॉलचं भाडं न मागता, उलट मानधन देऊन.

नाहीतर दहा वर्षांनी 'लोप पावलेली कला' म्हणून पोस्टी टाकू नका. असो.