फावल्या वेळात : कानशीची सुरी

घासून निकामी झालेली कानस आपण भंगारात टाकतो. ती जुन्या पद्धतीची, संपूर्ण पोलादाची असेल, तर तिच्यापासून स्वयंपाकघरासाठी उत्तम सुरी करता येते.

प्रथम कानस कोळशाच्या शेगडीत लाल होईपर्यंत तापवावी व राखेत पुरून रात्रभर निवू द्यावी. त्यामुळे पोलाद नरम होते आणि दुसऱ्या कानशीने त्यास पात्याचा आकार देता येतो. धारेची कड मात्र तूर्त नाण्याइतकी जाड ठेवावी. पातळ कड पुढे वाकते किंवा तडकते.

यानंतर खरी कसोटी. पाते पुन्हा तापवावे. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला त्यास लोहचुंबक चिकटेनासे होते. त्याहून किंचित अधिक तापवून ते कोमट तेलात सरळ बुडवावे. आता पाते कठीण झाले, परंतु काचेसारखे ठिसूळही! खाली पडले तरी त्याचे दोन तुकडे होतील. म्हणून ते घासून उजळ करावे व लगेच २०० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवावे. वाळल्या गवताचा फिकट पिवळा रंग चढला, म्हणजे काठिण्य थोडे उतरून चिवटपणा आला असे समजावे.

हे काम अंगणात, चष्मा व सुती कपडे घालून, मुलांना दूर ठेवून करावे. तेल पेटल्यास पाणी कदापि ओतू नये. भांड्यावर लोखंडी झाकण घालावे.

शेवटी लाकडी मूठ बसवून दगडावर धार लावावी. धार सर्वांना दिसते. ती टिकते मात्र त्या दोन तासांच्या धीरामुळे.