हॅकिंटॉश : उसन्या फोल्डरवर धंदा उभा राहत नाही

लग्नसराईच्या तोंडावर आमच्या वस्तीतला एक पोरगा रात्री साडेदहाला दारात उभा. लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग करतो, त्यावर घर चालते. म्हणाला, "दादा, मॅक चालू होत नाही." आम्ही विचारले, तुझ्याकडे मॅक आला कुठून? तर मॅक नव्हताच. एका विक्रेत्याने जोडून दिलेला साधा पीसी होता. इंटेलचा आय-फाइव्ह १०४००, १६ जीबी रॅम, एएमडीचे आरएक्स ५८० ग्राफिक कार्ड आणि त्यावर अ‍ॅपलची मॅक ओएस. यालाच हॅकिंटॉश म्हणतात. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या मॅक ओएस २६ 'ताहो'च्या अपग्रेडचे बटण त्याने दाबले होते. सफरचंद दिसायचे, पट्टी अर्ध्यापर्यंत जायची आणि तिथेच थांबायची. आत दोन लग्नांचे शूटिंग अडकलेले. डिस्क एपीएफएस पद्धतीची, ती विंडोजला वाचता येत नाही. विक्रेत्याला फोन केला तर त्याचे उत्तर, "अपडेट करू नको म्हटलं होतं ना? आता सगळं नव्याने टाकावं लागेल. पैसे वेगळे आणि डेटा जाईल."

या प्रकरणात आमच्या तीन रात्री गेल्या. अशी मशीन घेतलेली पोरं एक-दोन नाहीत, म्हणून हे लिहितो आहोत. या विषयावर बोलणारे लोक साधारण दोन प्रकारचे. एक म्हणतात ही चोरी आहे, दुसरे म्हणतात ही बंडखोरी आहे. आमच्या मते दोघांनीही मशीन उघडून पाहिलेली नाही.

मुळात हा प्रकार शक्य कसा झाला? २००५ साली अ‍ॅपलने जाहीर केले की आपण पॉवरपीसी सोडून इंटेलचे प्रोसेसर वापरणार, आणि जानेवारी २००६ मध्ये इंटेलवाले पहिले मॅक आले. तेव्हापासून अ‍ॅपलच्या डब्यातला प्रोसेसर आणि लॅमिंग्टन रोडवर जोडून मिळणाऱ्या डब्यातला प्रोसेसर एकाच कंपनीचा. रॅम तशीच, डिस्क तशीच. मग मॅक ओएस दुसऱ्या डब्यात का चालत नाही? क्षमता नाही म्हणून नव्हे. अ‍ॅपलच्या बोर्डावर एसएमसी नावाची एक चिप असते. पंख्याचा वेग, तापमान ही तिची कामे. पण तिच्यात एक गुप्त किल्लीही ठेवलेली होती. फाइंडर, डॉक अशा मोजक्या प्रोग्रॅमचा कोड कुलूपबंद असे आणि ती किल्ली मिळाल्याशिवाय तो उघडत नसे. हे काम करणाऱ्या फाइलचे नावच कंपनीने 'डोन्ट स्टील मॅक ओएस एक्स' असे ठेवले. म्हणजे तपासणी करायच्या आधीच समोरचा चोर ठरलेला!

इथे कोणी म्हणेल, कंपनीची वस्तू, कंपनीची अट. परवानापत्रात स्पष्ट लिहिलेले आहे की ही प्रणाली फक्त अ‍ॅपलचे नाव असलेल्या संगणकावर टाकावी. ते खरे आहे आणि ते लपवून कोणी हॅकिंटॉश विकत असेल तर तो फसवतो आहे. अमेरिकेत सायस्टार नावाच्या कंपनीने २००८ मध्ये मॅक ओएस टाकलेले पीसी उघडपणे विकायला काढले. अ‍ॅपलने खटला भरला. नोव्हेंबर २००९ मध्ये न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी सायस्टारच्या विरोधात निकाल दिला, २०११ मध्ये अपिलातही तो टिकला. तेव्हा धंदा म्हणून विकणाऱ्याची बाजू कायद्याने केव्हाच संपलेली आहे. घरी स्वतःसाठी करणाऱ्यानेही आपण करार मोडतो आहोत हे डोळे उघडे ठेवून मान्य करावे.

पण करार आहे म्हणून तो न्याय्य ठरतो का? याच अ‍ॅपलने १९९५ ते १९९७ या काळात दुसऱ्या कंपन्यांना मॅकसारखे संगणक बनवायचे परवाने दिले होते. स्टीव्ह जॉब्ज परत आले आणि ते बंद झाले. म्हणजे ही अट यंत्राच्या स्वभावातून आलेली नाही, ती धंद्याचा निर्णय आहे. आजही अ‍ॅपलच्या यंत्रावर लिनक्स टाकायला मनाई नाही. यांच्या घरात दुसऱ्याने राहिलेले चालते, दुसऱ्याच्या घरात हे राहणार नाहीत, असा हा व्यवहार आहे.

आता कुलूप उघडते कसे ते सांगायला हवे, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर आहे. हॅकिंटॉशमध्ये मॅक ओएस बदलत नाहीत. ती जशीच्या तशी असते. ती सुरू होण्याआधी ओपनकोअर नावाचा एक बूटलोडर चालतो आणि तो तिला सांगतो की तू अ‍ॅपलच्याच यंत्रावर आहेस. डिस्कवरच्या ईएफआय नावाच्या छोट्या विभागात एक फोल्डर, त्यात कॉन्फिग डॉट पीलिस्ट ही फाइल, आणि सोबत केक्स्ट म्हणजे ड्रायव्हरसारखे तुकडे. व्हर्च्युअलएसएमसी हा नसलेल्या चिपचे सोंग घेतो. लिलू हा बाकीच्यांना आधार देतो, व्हॉटेव्हरग्रीन ग्राफिक कार्ड सांभाळतो, अ‍ॅपलएएलसी आवाज. फाइलमध्ये एसएमबायॉस नावाची नोंद असते, तिथे 'मी आयमॅक २०,१ आहे' असे लिहावे लागते, खोट्या सिरियल नंबरसह. आमच्यातल्या एकाला हे वाचून हसू आले. भाड्याने खोली मिळावी म्हणून पुण्यात आडनाव बदलून सांगितलेली माणसे आम्हाला माहीत आहेत. यंत्रालाही दारात 'कोणाचा?' विचारतात, 'काय येतं?' विचारत नाहीत. तुलना याहून ताणणार नाही. माणसाचा अपमान आणि यंत्राचा परवाना या एका मापाच्या गोष्टी नव्हेत.

तर ही कॉन्फिग फाइल प्रत्येक मशीनसाठी वेगळी असते. हे वाक्य विक्रेते सांगत नाहीत. प्रोसेसर कोणत्या पिढीचा, बोर्ड कोणता, नेटवर्क चिप रिअलटेकची की इंटेलची, यावर ती ठरते. युएसबीचेच घ्या. मॅक ओएस एका कंट्रोलरवर १५ पोर्टच मानते, आणि निळे युएसबी ३ पोर्ट एकाचे दोन मोजले जातात. आपल्या बोर्डावर सहज जास्त भरतात. मग कोणते ठेवायचे आणि कोणते सोडायचे याचा नकाशा स्वतः पेनड्राइव्ह एकेका पोर्टमध्ये घालून काढावा लागतो. तो नसेल तर इन्स्टॉल करताना पडद्यावर आडवी रेघ मारलेले वर्तुळ येते आणि मशीन 'रूट डिव्हाइस'ची वाट बघत बसते. पेनड्राइव्ह समोर लावलेला असतो, त्याला तो दिसत नाही. ग्राफिक कार्डाचेही तसेच. एन्व्हिडियाचे आरटीएक्स कार्ड कितीही महागाचे आणा, मॅक ओएसमध्ये त्याचा ड्रायव्हरच नाही. आरएक्स ५८० चालते, आरएक्स ६६०० चालते, आणि त्यांच्या मधले आरएक्स ६५०० चालत नाही. हे आधी वाचले नाही तर पैसे पाण्यात.

हे सगळे ज्ञान स्वयंसेवकांनी लिहून फुकट ठेवलेले आहे. डोर्टानिया नावाने जे मार्गदर्शक आहे ते इंग्रजीत आहे, लांब आहे, पण कोणालाही वाचायला मोकळे आहे. आणि त्यात बजावून सांगितले आहे की दुसऱ्याचा तयार ईएफआय फोल्डर उचलू नका. विक्रेत्याने नेमके तेच केले होते. फोल्डर उघडला तेव्हा दिसले की त्यात लॅपटॉपच्या बॅटरीचा केक्स्ट आहे. डेस्कटॉपमध्ये बॅटरी कुठली? वायफायचे तीन वेगवेगळे केक्स्ट, कोणता तरी लागेल म्हणून. सिरियल नंबरही त्याच फोल्डरातला, म्हणजे त्याने विकलेल्या प्रत्येक मशीनला बहुधा तोच. आयमेसेज का चालत नाही याचे उत्तर पोराला दीड वर्षाने मिळाले.

बिघाड मात्र साधा होता. आम्ही बूटच्या सूचनांमध्ये 'मायनस व्ही' लिहिले, त्याने सफरचंदाऐवजी आतल्या ओळी पडद्यावर पळू लागतात. लिलू जुना होता. आपल्या ओळखीपलीकडची नवी आवृत्ती दिसली की जुना लिलू स्वतःहून बाजूला होतो. तो नाही म्हणून व्हर्च्युअलएसएमसी नाही, तो नाही म्हणून किल्ली नाही, आणि सगळे गप्प. उपाय असा की डिस्कला हात न लावता एका पेनड्राइव्हवर नवे ओपनकोअर घ्यायचे, त्यावर नवे केक्स्ट, नमुना फाइलशी एकेक ओळ ताडून नवी कॉन्फिग, ओसीव्हॅलिडेटने तपासणी, मग एनव्हीरॅम पुसून त्या पेनड्राइव्हवरून बूट. पहिल्या दोन रात्री आमच्याच चुका निस्तरण्यात गेल्या. एक अवतरणचिन्ह कमी पडले होते. तिसऱ्या रात्री दोन वाजता डेस्कटॉप आला. आवाज मात्र आला नाही, कारण ताहोमधून अ‍ॅपलने जुना ऑडिओ ड्रायव्हरच काढून टाकला आहे. युएसबीचा हेडफोन लावून काम भागवले.

विक्रेता म्हणत होता डेटा जाईल. डेटाला धक्काही लागला नव्हता. त्याला दुरुस्ती येत नव्हती, एवढेच. ज्याच्याकडे फक्त पुडी आहे आणि पुडीत काय आहे ते माहीत नाही, त्याच्याकडे प्रत्येक दुखण्याला पुन्हा पुडी विकत घ्या हाच इलाज असतो. आपल्या समाजाला हा प्रकार नवा नाही.

आणखी एक गोष्ट, जी आम्ही त्या पोराला आधी सांगायला हवी होती. हे दार आता बंद होते आहे. २०२० साली अ‍ॅपलने स्वतःच्या चिपकडे वळायचे ठरवले. जून २०२५ मध्ये त्यांनी सांगून टाकले की ताहो ही इंटेलसाठीची शेवटची आवृत्ती. सुरक्षेचे अपडेट अजून काही वर्षे येतील. त्यापुढच्या आवृत्त्या ज्या चिपवर चालतील ती चिप बाजारात सुटी मिळतच नाही, तेव्हा सोंग कोणाचे घ्यायचे? शिवाय हिशेबही बदलला आहे. मॅक प्रो अमेरिकेत ५,९९९ डॉलरपासून सुरू होत होता, त्या काळात असा पीसी जोडण्यात अर्थ होता. २०२४ मध्ये एम४ चिपचा मॅक मिनी भारतात ५९,९०० रुपयांना आला. ज्याला फायनल कटच हवे, त्याने आज नव्याने हॅकिंटॉश जोडायला पैसे घालू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि ज्याला फायनल कटच हवे असे वाटते, त्याने तेही एकदा तपासावे. गिऱ्हाइकाला लग्नाचा व्हिडिओ हवा असतो, तो कशावर कापला हे तो विचारत नाही. डाविंची रिझॉल्व्ह विंडोजवर फुकट चालते, केडेनलाइव्ह तर मुक्तच आहे.

घरात असा पीसी पडून असेल तर तो शिकण्यासाठी जरूर वापरा. बायॉसमध्ये सिक्युअर बूट कुठे असतो, एसीपीआय टेबल म्हणजे काय, ड्रायव्हर कशाला म्हणतात, हे आम्ही स्वतः कोणत्याही क्लासात शिकलो नाही, या तीन रात्रीत शिकलो. फक्त कमाईचे काम त्यावर एकट्यावर ठेवू नका आणि मूळ शूटिंगची प्रत विंडोजलाही वाचता येईल अशा डिस्कवर असू द्या.

त्या पोराने दोन्ही लग्नांचे प्रोजेक्ट एक्सएमएल करून बाहेर काढले, शूटिंग एक्सफॅट डिस्कवर उतरवले आणि दुसऱ्या लग्नाचा व्हिडिओ विंडोजवर रिझॉल्व्हमध्ये पुरा केला. पहिल्याला चार दिवस उशीर झाला, त्याचे पाचशे रुपये कापले गेले. तो पेनड्राइव्ह त्याने पीसीच्या हँडलला सुतळीने बांधून ठेवला आहे. परवा रस्त्यात भेटला तेव्हा विचारत होता, "दादा, एसएसडीटी म्हणजे नेमकं काय? तुम्ही दोन टाकल्या, त्या फोल्डरमध्ये नऊ होत्या."