नवा लॅपटॉप वायफायशी जुळत नसेल तर
दरमहा जीएसटी भरणाऱ्या व्यापाऱ्यासाठी २० तारीख म्हणजे ३बी विवरणपत्राची अखेरची मुदत. ती चुकल्यास देय कर असणाऱ्याला दररोज ५० रुपये विलंब शुल्क, शिवाय थकीत करावर वार्षिक १८ टक्के व्याज. नेमक्या त्याच संध्याकाळी नवा लॅपटॉप घरच्या वायफायशी जुळत नसेल, तर त्याच वायफायवर मोबाइल चालतो का, हे प्रथम पाहावे. चालत असल्यास दोष बहुधा लॅपटॉपमध्येच असतो. एअरप्लेन मोड बंद असल्याची खात्री करावी. मग साठवलेले नेटवर्क काढून टाकून पासवर्ड नव्याने, इंग्रजीतील लहान-मोठी अक्षरे सांभाळून लिहावा. तरीही यश न आल्यास मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करावे आणि आधी विवरणपत्र भरावे. वायफायचा ड्रायव्हर त्यानंतर त्याच जोडणीवरून सावकाश उतरवून घेता येतो.