‘बिअरच तर आहे!’

मैत्रिणींनो, आज जरा अवघड विषयाला हात घालतेय. दारूबंदीच्या मोर्चात पुढे चालणारी बाई बिअरच्या कारखान्यात जाऊन आली, असं कुणी तुमच्या कानावर घातलं असेल तर ते खरं आहे. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

माझ्या मोठ्या जाऊबाईंची मुलगी पुण्यात नोकरीला आहे. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेली, हुशार पोर. जाऊबाई सगळ्यांना सांगतात, ‘ती फूड कंपनीत आहे.’ प्रत्यक्षात ती एका छोट्या ब्रुअरीत बिअर बनवते. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणीच त्यावर बोलत नाही. गेल्या महिन्यात ती मला म्हणाली, ‘काकू, तू दारूविरुद्ध एवढं बोलतेस, एकदा येऊन बघ तरी. न बघता किती दिवस बोलणार?’ शब्द लागला. गेले.

क्राफ्ट बिअर म्हणजे थोड्या प्रमाणात, जातीने लक्ष घालून बनवलेली, वेगवेगळ्या चवींची बिअर. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ नावाची अशी ब्रुअरी सुरू झाली आणि नंतर हे लोण वाढत गेलं. गंमत म्हणजे ‘डूलाली’ हा शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून गोऱ्या सोजिरांनी केलेला!

बनवायची कृती ऐकताना मला आपलं स्वयंपाकघरच आठवत होतं. जव भिजवून मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे. मी म्हटलं, ‘अगं, हे तर नाचणीचं सत्त्व!’ मग ती भरड गरम पाण्यात ठेवून गोड पाणी काढायचं, कडवटपणासाठी हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालून उकळायचं, गार करून यीस्ट घालायचं आणि आंबू द्यायचं. जुन्या सुमेर देशात चार हजार वर्षांपूर्वी बिअरची देवताच होती, निनकासी नावाची. मध्ययुगातल्या इंग्लंडमध्येही घरोघरी हे काम बायकाच करत. धंदा मोठा झाला तसा तो पुरुषांच्या हातात गेला. हे काही आपल्याला नवीन नाही.

मग तिने टेबलावर चार छोटे पेले मांडले, दोन-दोन घोटांचे. सोबत गुणपत्रिका. एकूण गुण ५०. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते याला ५ आणि एकंदर मताला १०. परीक्षक मंडळी अशीच पत्रिका वापरतात म्हणे.

पहिली गव्हाची, थोडी गढूळ. नाक जवळ नेलं तर पिकलेलं केळं आणि लवंग! ‘यात केळंही नाही, लवंगही नाही, सगळी यीस्टची करामत,’ ती म्हणाली. दुसरी काळीभोर, करपवून भाजलेल्या जवाची, वास कॉफीचा. तिसरीला संत्र्याच्या सालीचा वास. चव कारल्याच्या वळणाची, असं ती म्हणाली. चौथीला मात्र तिने नाक मुरडलं. ‘लोण्याचा वास येतोय. यीस्टला अजून दोन दिवस द्यायला हवे होते.’ आणि स्वतःच केलेल्या त्या बिअरला तिने ५० पैकी २४ गुण दिले. मला आपला बचत गट आठवला. आपल्याच पापडाला नावं ठेवायला आपली जीभ रेटत नाही!

मी चारही पेल्यांचा वास घेतला, ओठाला एकही लावला नाही. तो माझा नेम आहे, आणि तिनेही आग्रह केला नाही.

‘काकू, ज्याला चव कळते तो ढोसत नाही गं,’ ती म्हणाली. तिच्यापुरतं ते खरं असेलही. पण पलीकडच्याच टेबलावर चार तरुण बसले होते. आम्ही असेपर्यंत प्रत्येकाचा तिसरा मग आला. त्यांच्यापुढे ना गुणपत्रिका होती, ना कुणी वास घेत होतं. मी नुसतं तिकडे बघितलं. ती गप्प झाली.

आता मुद्द्याचं. गावोगावी बायकांशी बोलताना एक वाक्य मला हमखास ऐकू येतं, ‘आमचे हे दारू नाही हो घेत, बिअरच तर घेतात.’ म्हणून मी पुतणीला कागद-पेन्सिल घेऊन बसवलं आणि हिशेब मांडायला लावला. व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. म्हणजे ३० मिलीच्या छोट्या पेगात साधारण १३ मिली अल्कोहोल. पाच टक्क्यांच्या बिअरचा अर्धा लिटरचा एक मग म्हणजे २५ मिली, झाले जवळजवळ दोन पेग. आणि दुकानातली ६५० मिलीची ‘स्ट्राँग’ बाटली आठ टक्क्यांची असेल तर ५२ मिली. म्हणजे चार पेग! ‘बिअरच तर आहे’ म्हणत माणूस चार पेग रिचवून घरी येतो आणि आपण म्हणतो, दारू नाही घेत.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं, की दारूचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. त्यात बिअरही आलीच. आपल्या राज्यात बिअरला वयाची अट २१ वर्षांची आहे. कॉलेजातल्या मुलांच्या आयांनी हा आकडाही लक्षात ठेवावा.

माझं मत बदललं का? नाही. बाटली आडवी करायचं मतदान उद्या आमच्या गावात लागलं, तर मी पहिल्या रांगेत असेन. पण एक कळलं. आपण दारूवर दोनच प्रकारे बोलतो. एक तर शिव्या देतो, नाहीतर झाकून ठेवतो. ‘किती?’ हे विचारत नाही. तेलमीठ मोजून घालणाऱ्या आपण, या एका बाबतीत माप विसरतो.

परवा जाऊबाईंना म्हटलं, ‘वहिनी, मुलीचा धंदा मला पटत नाही आणि हे मी तिला तोंडावर सांगितलंय. पण ती चोरी करत नाही, तेव्हा तुम्ही लपवू नका. लपवलं की आपल्याला तिला काही विचारताच येत नाही.’ त्या काही बोलल्या नाहीत. पण चहा टाकायला उठल्या आणि आतूनच म्हणाल्या, ‘दिवाळीला येतेय ती. विचारते.’

आमच्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी फळ्यावर हाच हिशेब मांडणार आहे. तुम्हीही मांडा. घरात रिकामी बाटली सापडली तर रागाने फेकून देण्याआधी तिच्यावरचा टक्का वाचा आणि मिलीने गुणा. मग समोर बसून, आवाज न चढवता, तो आकडा सांगा. आरडाओरड्याला उलट उत्तर देता येतं. आकड्याला देणं अवघड जातं.